टेनिस कोचची प्रमाणपत्रं आणि त्यांच्यामागची चुरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस अशा ठिकाणची मराठी मंडळी मुलांना टेनिसला घालताना कोचच्या नावापुढची अक्षरं बघून गोंधळतात. पुण्या-मुंबईतल्या अकादमींच्या फलकांवरही हल्ली अशी अक्षरं दिसतात. ती कोण देतं, आणि देणाऱ्यांचं आपसात का पटत नाही, याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

यूएसपीटीए आणि पीटीआर म्हणजे काय?

अमेरिकेत टेनिस शिकवणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या दोन खासगी संस्था. यूएसपीटीए (युनायटेड स्टेट्स प्रोफेशनल टेनिस असोसिएशन) 1927 ची, पीटीआर (प्रोफेशनल टेनिस रजिस्ट्री) 1976 ची. दोन्ही सरकारी नाहीत. कोच परीक्षा देतो, पास झाला की सभासद होतो, दरवर्षी वर्गणी भरतो. वर्गणी थांबली की नावापुढे ती अक्षरं लावायचा हक्कही थांबतो. दोघी आपली सभासदसंख्या दहा हजारांच्या वर सांगत आल्या आहेत.

यूएसपीटीएने 2025 च्या सुमारास नाव बदललं. आता ती आरएसपीए, म्हणजे रॅकेट स्पोर्ट्स प्रोफेशनल्स असोसिएशन. जवळपास सगळी भांडणं जुन्या नावाने झाली, म्हणून इथे जुनंच नाव ठेवलं आहे.

प्रमाणपत्राशिवाय टेनिस शिकवणं बेकायदा आहे का?

अमेरिकेत नाही. तिथे लोकांचे केस कापायला राज्याचा परवाना लागतो, पण तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला बॅकहँड शिकवायला लागत नाही. पब्लिक पार्कातल्या कोर्टवर बॉलची टोपली घेऊन कोणीही उभं राहू शकतं. फार तर पार्क चालवणारी नगरपालिका हरकत घेईल, आणि तीही कोर्ट अडवल्याबद्दल.

फ्रान्समध्ये गोष्ट वेगळी आहे. पैसे घेऊन कुठलाही खेळ शिकवायचा तर तिथे शासनमान्य पदविका असावी लागते. ती नसताना शिकवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि 15,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे अमेरिकेसारखी दोन खासगी संस्थांची चुरस तिथे उभीच राहत नाही. सरकारने मैदान मोकळं सोडलं की खासगी संस्था येतात, आणि दुसरी आली की चुरस सुरू होते.

पण एकाच कामासाठी दोन संस्था आल्याच कशा?

त्यासाठी जुन्या काळात जावं लागतं. 1968 पर्यंत टेनिसमध्ये हौशी आणि व्यावसायिक अशी कडक फाळणी होती. ज्याने टेनिस शिकवण्याचे पैसे घेतले तो व्यावसायिक ठरायचा, आणि विम्बल्डन किंवा फॉरेस्ट हिल्सची (म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेची) दारं त्याला बंद व्हायची. क्लबात त्याला सगळे 'प्रो' म्हणत, पण तो पगारी माणूस. सभासद टेबलावर बसणार, हा कोर्टवर उभा राहणार. अशा प्रो मंडळींनी 1927 मध्ये आपली संघटना बांधली, तीच पुढे यूएसपीटीए झाली. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये व्यावसायिकांची पहिली यूएस प्रो स्पर्धा झाली आणि व्हिन्सेंट रिचर्ड्स जिंकला. थोडक्यात, संघटना जन्मली ती नोकरी आणि मानासाठी. परीक्षा, प्रमाणपत्र या गोष्टी नंतर आल्या. हे लक्षात ठेवा, कारण या संस्थेच्या स्वभावात ते शेवटपर्यंत दिसतं. ती आधी सभासदांची संघटना आहे, मग परीक्षामंडळ.

पीटीआरची गोष्ट अगदी निराळी. 1970 च्या दशकात अमेरिकेत टेनिसची लाट आली. 20 सप्टेंबर 1973 ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये महिला विजेती बिली जीन किंगने पुरुष टेनिसपटू बॉबी रिग्जला 6-4, 6-3, 6-3 असं हरवलं. सामना बघायला 30,472 माणसं आली होती, टीव्हीवर तर कोट्यवधी. गावोगावी कोर्ट बांधली गेली, रॅकेट खपल्या. शिकवणारे मात्र पुरेसे नव्हते. क्लबचे प्रो क्लबात अडकलेले, आणि हायस्कूलच्या मैदानावर रॅकेट जेमतेम धरता येणारा पी.टी.चा मास्तर.

डेनिस व्हॅन डर मेर यांनी ही गरज हेरली. जन्म आजच्या नामिबियातला, नंतर कॅलिफोर्नियात बर्कलीला कोच. बिली जीन किंगबरोबर त्यांनी टेनिस शिबिरं चालवली होती. त्यांचं म्हणणं असं होतं की शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती ठरावीक पद्धतीने शिकवता येते. तुम्ही फार मोठे खेळाडू नसलात तरी चालेल. चूक ओळखता आली पाहिजे, ती दुरुस्त करता आली पाहिजे आणि वीस पोरांचा वर्ग हाताळता आला पाहिजे. 'स्टँडर्ड मेथड' नावाने त्यांनी ही पद्धत बांधली आणि 1976 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेडहून पीटीआर सुरू केली. 2019 मध्ये ते वारले.

मग वाद नेमका कशावरून?

वरवर बघितलं तर दर्जावरून. यूएसपीटीएच्या बाजूची कुजबूज अशी की पीटीआर शनिवार-रविवारची कार्यशाळा घेते आणि कोणालाही कोच करून सोडते. पीटीआरवाले म्हणत की यूएसपीटीए म्हणजे क्लबातल्या जुन्या प्रो मंडळींचा अड्डा, तिथे शिकवता येतं का यापेक्षा मारता येतं का हे जास्त बघतात. दोन्ही आरोपांत थोडं तथ्य होतं आणि बरीच अतिशयोक्ती.

मला विचाराल तर खरा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो कोणी उघड बोलत नाही. परीक्षा घेणारी संस्था आणि वर्गणी घेणारी संस्था एकच असेल, तर प्रत्येक नापास उमेदवार म्हणजे बुडालेली वर्गणी. ती शेजारच्या दुकानात जाऊ शकत असेल तर तोटा दुप्पट. एकीने परीक्षा अवघड केली की उमेदवार दुसरीकडे वळणार, हे दोघींना पक्कं ठाऊक. म्हणून अनेक वर्षं दोघीही 'आमचा दर्जा उंच' असं सांगत राहिल्या, पण प्रवेशाचा उंबरठा फारसा उंच करायला एकटी कोणीच धजली नाही. यात कोणाची नियत वाईट होती असं नाही. गणितच तसं होतं.

उलट बाजूही आहे. या चुरशीमुळे कोचचा फायदा झाला. परीक्षा जवळच्या गावात होऊ लागल्या. वर्गणीत कोर्टवरच्या अपघातांसाठी दायित्व विमा मिळू लागला, आणि अमेरिकेत ही साधी गोष्ट नाही. विद्यार्थ्याचा घोटा मुरगळला तरी वकिलाची नोटीस येऊ शकते. माझा तर अंदाज आहे की बऱ्याच कोचना अक्षरांपेक्षा विमाच जास्त हवा असतो. अनेकांनी दोन्हीकडची वर्गणी भरून भांडण आपल्यापुरतं मिटवून टाकलं आहे.

गोल्फमध्ये एकच संस्था चालते, टेनिसमध्ये का नाही?

टेनिसवाले हे दाखला म्हणून नेहमी सांगतात. गोल्फ शिकवणाऱ्या इतर संस्थाही आहेत, पण क्लबच्या नोकरीत वजन 1916 च्या पीजीए ऑफ अमेरिकेलाच. तिचं सभासदत्व मिळवायला काही वर्षं उमेदवारी करावी लागते, खेळण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते. पगारही त्या मानाने चांगले.

फरक कुठे आहे? पीजीए ऑफ अमेरिकेकडे स्वतःची मोठी स्पर्धा आहे, पीजीए चॅम्पियनशिप. अमेरिकेत होणारा रायडर कपही तिच्याकडे. म्हणजे तिच्या तिजोरीत टीव्हीचे पैसे येतात आणि ती एकेका उमेदवाराच्या वर्गणीवर जगत नाही. टेनिसमध्ये स्पर्धेचा पैसा राष्ट्रीय संघटनेकडे, यूएसटीएकडे जातो. 2023 च्या एकट्या यूएस ओपनचं उत्पन्न 50 कोटी डॉलरच्या वर होतं. शिकवणाऱ्यांची यूएस प्रो 1927 पासून 1999 पर्यंत चालली खरी, पण 1968 मध्ये टेनिस सगळ्यांना खुलं झाल्यावर तिच्याकडे कोण बघणार? सोन्याची कोंबडी दुसऱ्याच्या खुराड्यात राहिली.

यूएसटीए मध्ये पडून हे मिटवत का नाही?

पडली. आणि प्रकरण मिटायच्या ऐवजी तिसरी बाजू उभी राहिली.

2010 च्या दशकाच्या अखेरीस यूएसटीएने दोन्ही संस्थांना आपली मान्यता देण्याची चौकट आखली. नव्या कोचला सुमारे 1,500 तासांचं प्रशिक्षण आणि अनुभव असावा, असा त्यातला गाभा. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेवर वाढलेल्या क्षेत्रात हा आकडा ऐकून पुष्कळांना घाम फुटला. क्लबचे व्यवस्थापक म्हणू लागले की आधीच तरुण पोरं या धंद्यात येत नाहीत, त्यात हे तास कोण भरणार? हरकत अगदीच खोटी नव्हती. नवख्या कोचचा पगार असा असतो की त्यासाठी 1,500 तास घालण्यापेक्षा तो दुसरं काही शिकेल.

दरम्यान 2017 मध्ये फ्लोरिडात ऑरलँडोजवळ लेक नोना इथे यूएसटीएचं शंभर कोर्टांचं केंद्र उभं राहिलं, आणि ह्यूस्टनमध्ये वर्षानुवर्षं असलेली यूएसपीटीए बिऱ्हाड हलवून त्याच परिसरात राहायला आली. सोयरीक जुळणार असं वाटत होतं. पुढे 2025 मध्ये यूएसटीएने 'यूएसटीए कोचिंग' या नावाने कोचसाठी स्वतःचीच सदस्यता आणि प्रशिक्षण सुरू केलं. ज्याने पंच व्हायचं तोच मैदानात उतरला. शिवाय याच्या हातात यूएस ओपनचा पैसा. यूएसपीटीएने आरएसपीए होऊन पिकलबॉल, पॅडल वगैरे सगळ्या रॅकेटच्या खेळांना जवळ केलं ते याच सुमारास, आणि मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

दोन्ही संस्था एक का होत नाहीत?

एकीचा कारभार सभासदांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्यांकडे, विभागवार शाखा, निवडणुका. दुसरी एका माणसाच्या पद्धतीतून वाढलेली, नावातच 'रजिस्ट्री', आणि सभासद जगभर पसरलेले. विलीनीकरण झालं तर अध्यक्ष कोण, परीक्षा कोणाची, आणि तीस वर्षांपूर्वी मिळवलेली 'मास्टर प्रोफेशनल'ची सगळ्यात वरची पदवी नव्या घरात कुठे बसणार? सहकारी संस्थांच्या निवडणुका बघितलेल्या मराठी माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

परीक्षेत असतं काय?

ढोबळमानाने लेखी भाग, ग्रिपची आणि फटक्यांतल्या चुकांची ओळख, स्वतः मारून दाखवणं, एकट्या विद्यार्थ्याचा आणि गटाचा वर्ग घेऊन दाखवणं. सगळ्यात कमी लेखलेली गोष्ट म्हणजे फीडिंग. टोपलीतून सारख्याच वेगाचा, सारख्याच उंचीचा बॉल शंभर वेळा टाकता येणं. चांगले खेळाडू इथेच अडकतात, कारण त्यांचा हात बॉल मारायला शिवशिवत असतो.

दोघांपैकी कोणाचा कोच जास्त चांगला?

अक्षरांवरून कळत नाही. एकाच संस्थेतल्या दोन कोचमधला फरक दोन संस्थांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मोठमोठ्या कोचकडे तरी ही प्रमाणपत्रं होती का?

काहींकडे होती. निक बोलेटिएरी आणि रिक मॅकी हे दोघेही यूएसपीटीएचे मास्टर प्रोफेशनल. पण याच मॅकीकडे 1991 मध्ये ज्या दोन मुली आल्या, त्या व्हीनस आणि सेरेना विल्यम्सना आधी कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टवर त्यांच्या वडिलांनी तयार केलं होतं. रिचर्ड विल्यम्स स्वतः टेनिसपटू नव्हते, पुस्तकं आणि चित्रफिती बघून शिकले. हे उदाहरण देऊन 'प्रमाणपत्राला काय अर्थ आहे' म्हणणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं की असे वडील लाखात एक. तुमचा मुलगा ज्याच्याकडे जाणार आहे तो बहुधा त्यांतला नाही.

बाकीच्या देशांत अशीच ओढाताण आहे का?

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संघटना एलटीएच कोचला मान्यता देते. त्यासाठी पोलिसांच्या नोंदींची तपासणी, प्रथमोपचार, बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि विमा हे सगळं चालू असावं लागतं. स्पेनमध्ये राष्ट्रीय महासंघ एका बाजूला आणि लुइस मेदिएरो यांनी सुरू केलेली आरपीटी दुसऱ्या बाजूला. इटलीच्या अल्बर्तो कास्तेल्लानी यांची जीपीटीसीए ही आणखी एक. तिचा रोख दौऱ्यावरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या कोचकडे आहे.

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात कोणतं प्रमाणपत्र बघायचं?

भारतातही टेनिस शिकवायला कायद्याने परवाना लागत नाही. आपल्याकडे जास्त चालणारी शिडी आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची. तिची लेव्हल 1 नवशिक्या आणि मध्यम खेळाडूंसाठी, लेव्हल 2 प्रगत खेळाडूंसाठी, लेव्हल 3 उच्च पातळीसाठी. हे वर्ग राष्ट्रीय संघटनेमार्फत, म्हणजे आपल्याकडे आयटा (ऑल इंडिया टेनिस असोसिएशन) मार्फत होतात. जुन्या पिढीतले काही सर पतियाळाच्या एनआयएसची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले असतात. ती संस्था 1961 ची, आणि सरकारी नोकरीसाठी तिच्या कागदाला अजून किंमत आहे.

पीटीआरचा फलक दिसला तर तो खोटाच असेल असं समजू नका. ती संस्था अमेरिकेबाहेरही कार्यशाळा घेते. फक्त प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं, आणि सभासदत्व चालू आहे की कधीकाळी घेतलेल्या कार्यशाळेचा कागद फ्रेम करून लावला आहे, एवढं विचारा. अमेरिकेतल्या अक्षरांचा आपल्याकडे जरा जास्तच दबदबा आहे. माझ्या मते आयटीएफ लेव्हल 2 केलेला आणि रोज चार तास कोर्टवर असणारा स्थानिक कोच अनेकदा उजवा ठरतो.

कोचला प्रत्यक्षात काय विचारू?

आधी काही विचारू नका. एक वर्ग बघा. दहा वर्षांखालच्या मुलांना तो कुठला बॉल देतो? लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा साधारण 75 टक्के मंद, नारिंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल नियमानेच बंद आहे. सहा वर्षांच्या पोराला मोठ्या कोर्टवर पिवळा बॉल देऊन बेसलाइनमागे उभं करणारा कोच कुठल्याही संस्थेचा असो, त्याने शिकणं सोडून दिलं आहे. रांगेत दहा मुलं आणि मारणारा एक, असा वर्ग असेल तर तुम्ही रांगेत उभं राहायची फी भरत आहात.

मग बालसुरक्षेचं विचारा. जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने खेळाडू मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत 2018 मध्ये कायदा झाला आणि ऑलिंपिक खेळांच्या संघटनांवर लहान खेळाडूंच्या संरक्षणाची जबाबदारी आली. यूएसटीएचा यासाठीचा कार्यक्रम म्हणजे 'सेफ प्ले'. कोचची ती मंजुरी चालू आहे का, हे सरळ विचारा. चांगला कोच रागावत नाही, फोन काढून दाखवतो.

मी एच-4 व्हिसावर आहे, कॉलेजात टेनिस खेळले आहे. यातलं एखादं प्रमाणपत्र घेऊन शिकवू शकते का?

प्रमाणपत्र घेऊ शकता. त्याने काम करायचा परवाना मात्र मिळत नाही. एच-4 वर (म्हणजे एच-1बी वाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) पैसे घेऊन शिकवायचं तर ईएडी, म्हणजे कामाचा वेगळा परवाना लागतो, आणि तो ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच मिळतो. 'रोख घेते, कोणाला कळतंय' हा सल्ला सोसायटीतल्या मैत्रिणी देतील, तो ऐकू नका. ग्रीन कार्डच्या अर्जात तो नडू शकतो. आधी वकिलाला विचारा, परीक्षेची फी नंतर भरा.

पिकलबॉलच्या कोचचं काय?

तिथे हाच खेळ पुन्हा सुरू झाला आहे, फक्त जास्त वेगाने. पीटीआरच्या घरातली पीपीआर, स्वतंत्र असलेली आयपीटीपीए आणि नाव बदललेली आरएसपीए, सगळ्यांची प्रमाणपत्रं बाजारात आहेत. आपल्याकडे कोचच्या आधी संघटनांमध्येच चुरस लागली. हा खेळ भारतात आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांची ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन जुनी, पण 2025 मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता मिळाली ती नव्या इंडियन पिकलबॉल असोसिएशनला. त्यामुळे भारतात कोणी 'राष्ट्रीय प्रमाणपत्र' म्हणालं तर कोणत्या राष्ट्रीय संघटनेचं, हे आधी विचारा.

कोचबद्दल गंभीर तक्रार असेल तर कोणाकडे जायचं?

प्रमाणपत्र देणारी संस्था फार तर सभासदत्व काढून घेईल. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पार्कात शिकवू शकतो. अमेरिकेत मुलांशी गैरवर्तनाचा संशय असेल तर आधी पोलीस, आणि सोबत यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट, म्हणजे खेळातल्या गैरवर्तनाच्या तक्रारी बघणारी संस्था. कारवाई झालेल्यांची त्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे, कोचचं नाव टाकून बघता येतं. पण यादीत नाव नाही म्हणजे माणूस स्वच्छ, असा अर्थ काढू नका. संघटनांशी काहीच संबंध नसलेला पार्कातला कोच त्या यादीच्या कक्षेतच येत नाही. भारतात अशा वेळी पॉक्सो कायदा लागू होतो. पोलीस ठाण्यात जा किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि अकादमीच्या मालकाने 'आपण आपसात मिटवू' म्हटलं तरी थांबू नका.